परीक्षा गुरुजींची, तयारी कोणाची?



या व्याख्यानमालेशी आमचा संबंध जुना आहे. पण तो व्यासपीठाखालचा. सातवीत शाळा सुटली आणि आम्ही कारखान्यात टर्नरच्या हाताखाली लागलो. त्यानंतर जे काही शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि वसंत ऋतूत या मंडपातल्या शेवटच्या रांगेत बसून. तेव्हा आज इथे उभे राहताना संकोच वाटतो. चिटणीसांनी आम्हांला विषय सुचवला होता, 'कामगार चळवळीपुढील प्रश्न'. आम्ही त्यांना विनंती केली की, या वर्षी आम्हांला प्राथमिक शिक्षकांच्या परीक्षेवर बोलू द्या. त्यांना नवल वाटले. आपल्यालाही वाटत असेल. कामगारांच्या पुढाऱ्याने गुरुजींच्या गणित-विज्ञानात का पडावे? त्याचेच उत्तर द्यायला आम्ही उभे आहोत.

प्रथम प्रश्न काय आहे तो थोडक्यात सांगतो. २००९ साली बालकांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्या कायद्याला धरून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पात्रता परीक्षा ठरली. तिलाच आपण टीईटी म्हणतो. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा डिसेंबर २०१३ मध्ये झाली. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटे, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. पहिली ते पाचवीच्या शिक्षकाला त्यात गणिताचे तीस आणि परिसर अभ्यासाचे तीस प्रश्न असतात. सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवणाऱ्याला त्या दोन विषयांचे मिळून साठ. शंभरात साठ गुण मिळाले की पास. राखीव वर्गाला थोडी सवलत. बहुतेक वर्षी हिचा निकाल एक अंकी टक्क्यांत लागत आला आहे. हे झाले नव्याने नोकरी मागणाऱ्यांचे. पुढे १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ज्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्यांनीही दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हावी; नाहीतर नोकरी सोडावी लागेल. वीस-वीस वर्षे शाळेत काढलेल्या माणसांच्या पोटात गोळा आला. मोर्चे निघाले. एका मोर्चापुढे बोलायला आम्हांलाही बोलावणे आले.

आम्ही गेलो नाही. कामगारांच्या बाजूने तीस वर्षे बोलणारा माणूस त्या दिवशी घरी बसला, याचे अनेकांना वाईट वाटले. पण आमची अडचण अशी होती. कारखान्यातला बॉयलर चालवणाऱ्याला सरकारी परीक्षा द्यावी लागते. ती परीक्षा रद्द करा, अशी मागणी आजवर आम्ही कधी केली नाही आणि करणारही नाही. कारण बॉयलर फुटला तर मरतो तो शेजारी काम करणारा कामगारच. वायरमनला परवाना लागतो, ट्रक चालवणाऱ्याला लायसन्स लागते. मग ज्याच्या हाती गरिबाचे पोर पाच-सहा वर्षे सोपवायचे, त्याला काही विचारूच नका, हे आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार? पैसेवाल्याचे पोर शिकवणीला जाते. शिक्षक कच्चा असला तर बुडते ते आमच्या सभासदाचे पोर. आणि बुडणे म्हणजे काय, हे आम्ही स्वतः भोगले आहे.

ती गोष्ट सांगतो. तीसएक वर्षांपूर्वीची आहे. एका कारखान्यात मंदी आली तेव्हा मालकांनी नगामागचा दर वीस टक्क्यांनी कापला. जिथे शंभर रुपये मिळायचे तिथे ऐंशी मिळू लागले. पुढे कामे वाढली. आम्ही संपाची नोटीस दिली. चार बैठका झाल्या आणि शेवटी मालक म्हणाले, 'ठीक आहे, वीस टक्के कापले होते, वीस टक्के वाढवून देतो.' आम्ही जागच्या जागी सही केली. गेटवर गुलाल उधळला. पुढच्या पगाराला एक पोरगा पाकीट घेऊन आला आणि म्हणाला, 'दादा, जुना दर कुठे परत आला? शंभराला शहाण्णवच पडतात.' आम्ही म्हटले, कारकुनाने चूक केली असेल. चूक कारकुनाची नव्हती. ऐंशीचे वीस टक्के सोळा होतात, वीस होत नाहीत. करार तीन वर्षांचा होता. तीन वर्षे प्रत्येक माणसाचे शंभरामागे चार रुपये आमच्या सहीने गेले. कोणी आम्हांला शिवी दिली नाही, आणि तेच अधिक लागले.

त्या दिवसांत आमच्या वस्तीजवळच्या शाळेत एक गुरुजी होते. रात्री आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि म्हटले, गुरुजी, आम्हांला टक्केवारी शिकवा. त्यांनी पुस्तक उघडले नाही. ते म्हणाले, 'वीस टक्के असा शब्दच अपुरा आहे. कोणी टक्के म्हटले की विचारायचे, कशाचे?' दोन वर्षे आम्ही आठवड्यातून दोनदा त्यांच्या ओसरीवर बसलो. कित्येकदा आमच्या प्रश्नावर ते थांबत आणि म्हणत, 'रीत मला येते, पण ती अशी का, हे मलाही कोणी सांगितलेले नाही. थांबा, आपण दोघे मिळून बघू.' मंडळी, आम्ही पुष्कळ विद्वान पाहिले, पण मला माहीत नाही असे विद्यार्थ्यासमोर म्हणणारा शिक्षक तो एकच. पुढच्या करारांत आम्ही फसलो नाही, त्याचे श्रेय त्या ओसरीला आहे.

गुरुजी आता नाहीत. त्यांची कन्या दोन शिक्षकी शाळेत शिकवते. बारावी कला शाखेनंतर तिने डी. एड. केले. तीन हजार रुपये मानधनावर तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढली आणि मग कायम झाली. न्यायालयाच्या निर्णयानंतर एका संध्याकाळी ती घरी आली. हातात जाडजूड गाईड होते. म्हणाली, 'काका, वीस वर्षे शिकवते आहे. आता माझीच परीक्षा. झोप लागत नाही.' आम्ही म्हटले, 'बाई, गाईड बाजूला ठेव. एक गणित घाल. पावणेदोनला अर्ध्याने भाग.' तिने क्षणात सांगितले, 'अर्धा उलटा करून गुणायचे. साडेतीन.' उत्तर बरोबर होते. मग विचारले, 'हेच गणित पोरांना समजेल अशा गोष्टीत घालून सांग.' ती म्हणाली, 'पावणेदोन भाकरी आहेत आणि दोघांत निम्म्या-निम्म्या वाटायच्या आहेत.' आणि लगेच गप्प झाली. स्वतःच म्हणाली, 'असे कसे होईल? एकेकाला एक भाकरीसुद्धा येत नाही. साडेतीन कुठून आले?'

दोघांत निम्मे वाटणे म्हणजे दोनाने भागणे. अर्ध्याने भागणे हे निराळे. आम्ही घरातली पावणेदोन मीटरची सुतळी काढली आणि तिला अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे करायला सांगितले. तीन तुकडे झाले आणि पाव मीटर उरले. ती म्हणाली, 'वर्गात एखादे पोर विचारील, तीन तुकडे आणि वर पाव, म्हणजे सव्वातीन का नाही?' आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने तिचीच मान हलली. पाव खरे, पण कशाचे? मीटरचे पाव म्हणजे तुकड्याचा अर्धा. आपण तुकडे मोजतो आहोत, म्हणून साडेतीन. तिच्या वडिलांचा प्रश्न तिच्या तोंडून आला तेव्हा आमच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले, हे कबूल करायला हरकत नाही.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडचे शिक्षक असेच. तसे म्हणू नका. हेच गणित पावणेदोन आणि अर्ध्याचे आहे आणि ते आम्ही एका पुस्तकातून उचलले. लिपिंग मा या बाईंनी २३ अमेरिकन आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांना ते घालून पाहिले आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक १९९९ साली निघाले. अमेरिकन शिक्षक पदवीधर होते. तरी त्यांच्यातल्या निम्म्यांनाही उत्तर नीट काढता आले नाही, आणि अचूक उदाहरण एकालाच सांगता आले. बहुतेकांची चूक आपल्या गुरुकन्येचीच होती, अर्ध्याने भागण्याऐवजी दोनाने भागण्याची. चिनी शिक्षकांचे शिक्षण साधारणपणे नववीपर्यंत आणि वर दोन-तीन वर्षांचा अध्यापन वर्ग, एवढेच. पण उत्तर सगळ्या ७२ जणांचे बरोबर आले आणि दहांतल्या नऊ जणांनी योग्य उदाहरणही दिले. २००९ साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने प्राथमिक शिक्षक होणाऱ्यांसाठी गणिताची स्वतंत्र परीक्षा सुरू केली, तेव्हा पहिल्या खेपेला शंभरातले सत्तावीसच पास झाले. तेव्हा अडचण एका देशाची किंवा एका जातीच्या माणसांची नाही. ज्याला रीत शिकवली आणि कारण कधी सांगितले नाही, तो पुढे रीतच शिकवणार. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी पोरे पावकी, निमकी, पाउणकी, औटकी तोंडपाठ म्हणत. औट म्हणजे साडेतीन, हे आज किती जणांना ठाऊक असेल? ते पाठांतर चांगले होते, पण त्यातही 'का' बहुधा बाहेरच राहत असे.

मग ते चिनी शिक्षक पदवीवाचून शहाणे कसे झाले? लिपिंग मा सांगतात की, ते शिकवता शिकवता शिकले. तिथे प्रत्येक शाळेत एका विषयाच्या शिक्षकांचा गट असतो. ते ठरल्या वेळी एकत्र बसतात, पाठ्यपुस्तकातला धडा पुढे ठेवतात, हे गणित असेच का, पोरे कुठे अडतात, दुसऱ्या रीतीने सुटते का, यावर बोलतात. नवा शिक्षक जुन्याचे ऐकतो आणि जुनाही नव्याकडून घेतो. ही बैठक नोकरीचाच भाग असते. गुरुजींच्या ओसरीवर आम्ही दोघे जे करीत होतो, तेच तिथे रीतसर चालते.

यावरून आमचे म्हणणे मांडतो. परीक्षा घ्या, पण बॉयलरच्या परीक्षेला बसणारा माणूस आधी काही वर्षे जाणत्याच्या हाताखाली भट्टीपुढे उभा असतो, हे विसरू नका. त्याला ती वर्षे पगारी मिळतात. गुरुजींना आपण काय दिले? दिवसभर चार इयत्ता, मध्ये पोषण आहाराचा हिशेब, संध्याकाळी माहितीचे तक्ते. कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने शिक्षकांना जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक एवढी तीनच बाहेरची कामे सांगता येतात. पण ती तीनही लहान नाहीत. त्यातून उरलेल्या रात्री गाईड वाचा आणि दोन वर्षांत पास व्हा, याला तयारी म्हणत नाहीत. त्याला आम्ही कारखान्याच्या भाषेत सांगतो, यंत्र तेच, तेल नाही, आणि उत्पादन मात्र दुप्पट पाहिजे.

तयारीवाचून नुसती परीक्षा कडक केली की काय होते, याचे दोन दाखले देतो. इंग्लंडमध्ये १८६२ साली सरकारने नियम केला की, इन्स्पेक्टर येऊन पोरांची वाचन, लेखन आणि अंकगणिताची परीक्षा घेईल, आणि जितकी पोरे पास होतील तितके अनुदान शाळेला मिळेल. हा सरळ नगावर मजुरीचा दर झाला. शिक्षकांनी काय केले? पीस रेटवरचा कामगार जे करतो तेच. मोजला जाणारा नग तेवढा काढला आणि बाकीचे सोडून दिले. पोरे वाचनाचे पुस्तकच पाठ करू लागली. मॅथ्यू आर्नल्ड हे मोठे कवी त्या खात्यात इन्स्पेक्टर होते. त्यांनी स्वतः या पद्धतीविरुद्ध लिहिले. १८७० साली तिथल्या प्राथमिक शिक्षकांची देशव्यापी संघटना उभी राहिली आणि ती या नियमाविरुद्ध झगडली. तरी तो मोडायला त्या शतकाची अखेर उजाडली. दुसरा दाखला घरचा आहे. २०२१ च्या डिसेंबरात आपल्या राज्यात टीईटीचा घोटाळा उघडकीस आला. पैसे घेऊन नापासांना पास केले गेले होते. ७,८०० हून अधिक उमेदवार त्यात सापडले. त्यांचे समर्थन आम्ही करणार नाही. पण जिथे दार अरुंद आणि रस्ता मुळीच नाही, तिथे भिंतीला भोक पाडणारे दलाल निघतातच.

आणखी एक. चार पर्यायांतून एक निवडा, या प्रश्नात साडेतीनवर खूण करता येते. भाकरीची चूक मात्र त्यात पकडली जात नाही. एका मिनिटात एक प्रश्न, या वेगात 'कशाचे?' हे विचारायला उसंत कुठे? तेव्हा परीक्षा अधिक कसोटीची करायची असेल तर ती अधिक अवघड रीतींची करू नका, अधिक समजुतीची करा. पोराने केलेले चुकलेले गणित पुढे ठेवा आणि त्याची चूक कुठे झाली ते शिक्षकाला लिहायला सांगा. पास-नापास एवढेच कळवू नका. कोणत्या भागात कच्चे आहात तेही कळवा, म्हणजे पुढची तयारी करता येईल.

विज्ञानाचे असेच आहे. जानेवारीत थंडी का पडते, असे विचारले तर चांगले शिकलेले लोकही सांगतात की, तेव्हा पृथ्वी सूर्यापासून दूर जाते. वस्तुस्थिती उलटी आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याला वर्षातली सर्वांत जवळ असते. थंडी पडते ती किरण तिरपे पडतात आणि दिवस लहान असतो म्हणून. हे गाईडात वाचून विसरले जाते. पण शाळेच्या अंगणात एक काठी सरळ रोवा आणि दर आठवड्याला दुपारची तिची सर्वांत आखूड सावली मोजा. डिसेंबरात ती किती लांब आणि मे महिन्यात आपल्याकडे ती एके दिवशी नाहीशीच कशी होते, हे ज्या शिक्षकाने पोरांबरोबर स्वतः पाहिले, तो विसरणार नाही. खर्च एका काठीचा.

हे आमचे स्वप्नरंजन नाही. शेजारच्या मध्यप्रदेशात होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ सरकारी उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा नवा प्रयोग सुरू केला. पोरांनी हाताने प्रयोग करायचे आणि त्यावरून निष्कर्ष काढायचे. १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला, पुढे इतर जिल्ह्यांतही पोचला. शिक्षक तेच, सरकारी पगाराचे, खेड्यातले. फरक तयारीचा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची शिबिरे होत आणि तिथे मोठमोठे शास्त्रज्ञ त्यांच्या बरोबरीने बसून पोरांचेच प्रयोग करीत. मग वर्षभर दर महिन्याला जवळपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र येऊन अडचणी मांडीत. पोरांची परीक्षाही निराळी होती. पुस्तक उघडे ठेवून लिहायचे आणि शिवाय प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवायचा. पाठांतराला तिथे वाव नव्हता, म्हणून ती परीक्षा सोपी नव्हे, अधिक कठीण होती. २००२ साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे चाललेली गोष्ट एका हुकमाने थांबली, याचे दुःख मोठे आहे. पण ती तीस वर्षे चालू शकते, एवढे तर सिद्ध झाले.

आपल्या महाराष्ट्रात केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुख आहेत, केंद्राच्या शिक्षण परिषदाही भरतात. सांगाडा तयार आहे. सरकारकडे आमचे मागणे एवढेच की, त्या परिषदांतून परिपत्रकांचे वाचन काढून टाका. आठवड्यातली एक दुपार शिक्षकांना पगारी अभ्यासासाठी द्या. त्या दुपारी एकच गणित किंवा एकच प्रयोग घ्या, पण मुळापर्यंत जा. आणि अशी दोन वर्षे प्रत्यक्ष दिल्यावाचून जुन्या माणसाच्या नोकरीला हात लावू नका. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षणाची कैफियत मांडली, तेव्हा शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना बरा पगार असावा, या दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात मागितल्या होत्या. त्यांतली एक आजही दुसरीवाचून उभी राहत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनाही दोन शब्द सांगायचे आहेत. ते कडू लागले तर आमच्यावर रागवा. परीक्षाच नको, ही घोषणा लोकांच्या गळी उतरणार नाही. ज्यांची पोरे तुमच्या वर्गात बसतात, ते आमचे सभासद तुमच्या मोर्चाकडे रस्त्याच्या कडेला उभे राहून बघतात आणि सामील होत नाहीत, याचे कारण शोधा. आम्हांला तयार करा आणि मग खुशाल तपासा, अशी मागणी घेऊन निघा. त्या मोर्चात आम्ही पुढच्या रांगेत असू. आणि तुमच्या संघटनेची कचेरी रविवारी सकाळी उघडी ठेवा. आम्ही ज्या करारावर फसलो, तो आमच्या कचेरीत आजही नव्या कार्यकर्त्यांना फळ्यावर मांडून शिकवतो. आपली चूक चारचौघांत मांडण्यात लाज नाही. तुम्ही तुमच्या चुका अशाच एकमेकांपुढे मांडा.

शेवटी या मंडपाकडे वळतो. इथे समोर निवृत्त इंजिनियर बसले आहेत, महाविद्यालयातले प्राध्यापक आहेत, बँकेतले हिशेबनीस आहेत. आपल्यापैकी कितीजण गेल्या वर्षभरात एखाद्या प्राथमिक शाळेच्या दारात गेलात? शिकवायला जाऊ नका. गुरुजींबरोबर मांडीला मांडी लावून एक गणित सोडवायला जा. आम्ही आमच्या परीने आरंभ केला आहे. युनियनच्या कचेरीत दर रविवारी नऊ शिक्षक जमतात. गुरुजींची कन्या त्यांच्यात आहे. परीक्षेत तिचे काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही. पण मागच्या रविवारी ती सांगत होती की, तिने वर्गात सुतळी नेली, आणि एका पोराने खरोखरच विचारले, 'बाई, सव्वातीन का नाही?' तिने उत्तर सांगितले नाही. तिने त्याच्या हातात उरलेला तुकडा दिला आणि त्यालाच विचारले, 'हा पाव कशाचा?'